सात जिल्ह्यांचं विद्यापीठ आणि गेटवरचे काका

माझ्या बॅगेत तीन आयडी कार्डं असतात. निळ्या पट्ट्याचं ठाण्यातल्या कॉलेजचं, लाल पट्ट्याचं खाडीपलीकडच्या कॉलेजचं आणि तिसरं नुसतंच प्लॅस्टिकच्या कव्हरातलं, कारण तिथे माझे आठवड्याला चारच तास आहेत. मी तासिका तत्त्वावर इकॉनॉमिक्स शिकवते, सीएचबी म्हणतात ते. सकाळी सातचं लेक्चर ठाण्यात घ्यायचं, मग स्टेशनवर येऊन नऊ किंवा दहा नंबरवरून ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची, गाडीतच कार्ड बदलायचं आणि नवी मुंबईत उतरून तोच सिलॅबस, तेच युनिट, तीच महागाईची व्याख्या परत शिकवायची. असं सहा-सात वर्षं चाललंय.

मागच्या वर्षी याच गाडीत एक गोष्ट झाली ती डोक्यातून जातच नाही. रबाळे गेलं असेल, लेडीज डब्यात माझ्यासमोर दोन मुली एकमेकींच्या समोरासमोर बसलेल्या, एकीच्या मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा, दुसरी मोबाईलवर पीडीएफ वाचतेय, आणि दोघींचा प्रश्नही तोच, व्याजदर आणि उत्पन्न यांचा संबंध दाखवणारं आयएस-एलएम मॉडेल. दोघी माझ्याच विद्यार्थिनी, फक्त वेगवेगळ्या कॉलेजच्या. मी म्हटलं, अगं तुम्ही एकमेकींना ओळखत नाही का? एक म्हणाली, "मॅम, ही पण तुमचीच?" नंतर कळलं की त्या दोन वर्षं हीच गाडी पकडत होत्या. म्हणजे दोन वर्षं एकाच विद्यापीठाच्या, एकाच विषयाच्या, एकाच परीक्षेला बसणाऱ्या या दोन मुली समोरासमोर बसून एकट्या एकट्या अभ्यास करत होत्या आणि त्यांना जोडणारी कुठलीही गोष्ट नव्हती, आडवे येणारे मात्र गळ्यातले दोन वेगळ्या रंगांचे पट्टे होते.

मुंबई विद्यापीठ सात जिल्ह्यांचं आहे. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. गुजरातच्या हद्दीवरचं तलासरी पण यात आणि गोव्याला लागलेलं दोडामार्ग पण यात. ८०० च्या वर संलग्न कॉलेजं आणि विद्यार्थी लाखांत. इतक्या सगळ्यांना "आपलं विद्यापीठ" असं कधी वाटतं का, हा प्रश्न मी वर्गात विचारते तेव्हा मुलं सरळ सांगतात की विद्यापीठ म्हणजे मार्कशीटवरचा लोगो आणि रिझल्टची वेबसाइट. काही जणांना विद्यापीठाचा मुख्य परिसर असलेलं कालिना कुठे आहे तेही माहीत नसतं. त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

कारण विद्यापीठ जन्मालाच तसं आलं. १८ जुलै १८५७ ला ते स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. स्वतःचे शिकवणारे विभाग यायला विसावं शतक उजाडावं लागलं, समाजशास्त्राचा विभाग १९१९ चा. तरी तेव्हा चालून गेलं, कारण १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले ते किती, तर चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघं एका बाकावर मावतील, त्यांना एकमेकांची ओळख करून द्यायला कुणी कशाला लागतंय! पुढे चाराचे लाखो झाले पण रचना तीच राहिली, परीक्षा घ्या आणि कागद द्या. आपण त्या रचनेकडून आपुलकीची अपेक्षा करतोय जी तिने कधी मनावर घेतलीच नव्हती.

आणि आता तर ती परीक्षाही एक राहिलेली नाही. एकामागून एक कॉलेजं ऑटोनॉमस होतायत, त्यांचा पेपर वेगळा, वेळापत्रक वेगळं, पदवीवर नाव तेवढं मुंबई विद्यापीठाचं. ऑटोनॉमीला माझा विरोध नाही, चांगल्या कॉलेजांनी सिलॅबसमध्ये खरंच चांगले बदल केलेत. पण पूर्वी टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, पेपरच्या दिवशी ठाण्यापासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांच्या पोटात एकाच वेळी गोळा यायचा, निदान तेवढं तरी सामाईक होतं, तेही आता सुटत चाललंय.

मला विचाराल तर हे विद्यापीठ एक म्हणून मी एकदाच पाहिलंय, २०१७ च्या पावसाळ्यात. ऑनलाइन पेपर तपासणी घाईघाईने आणली, निकाल रखडले, तेव्हाच्या राज्यपालांनी कुलपती म्हणून ३१ जुलैची मुदत दिली, ती उलटून गेली, सप्टेंबर उजाडला तरी काहींचे निकाल यायचेच होते आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. त्या दोन-तीन महिन्यांत गाडीत, बसस्टॉपवर, झेरॉक्सच्या दुकानात अनोळखी मुलं एकमेकांना विचारायची, "तुमचा लागला का?" कॉलेज कुठलं हे आधी विचारलंच जात नव्हतं. लॉवाल्याला कॉमर्सवाल्याचं दुःख कळत होतं. माणसं जवळ येऊ शकतात हे त्या वर्षी दिसलं, पण त्यासाठी सगळ्यांचं नुकसान व्हावं लागलं हे मला फार लागलं होतं, अजून लागतं. आणि निकाल लागले तसे सगळे परत आपापल्या गेटच्या आत गेले.

गेट हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की आपलेपणा तयार होतो तो आत यायच्या हक्कातून. लोगो बदलून, विद्यापीठ गीत लावून, दीक्षान्त सोहळा लाइव्ह दाखवून तो होत नाही. ज्या घरात मला ओसरीवरसुद्धा बसू देत नाहीत ते घर माझं आहे असं मला कितीही सांगा, मला वाटणार नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: मुंबई विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजचं चालू वर्षाचं आयडी कार्ड ज्याच्या गळ्यात आहे त्याला या विद्यापीठाच्या दुसऱ्या कुठल्याही कॉलेजच्या वाचनालयात बसता आलं पाहिजे, मैदानावर जाता आलं पाहिजे, कॅन्टीनमध्ये चहा पिता आला पाहिजे आणि जाहीर व्याख्यान असेल तर मागच्या रांगेत बसता आलं पाहिजे. सुरुवात सातही जिल्ह्यांत नको, आधी ठाणे आणि नवी मुंबई एवढंच करा.

हे सुचलं कुठून ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी दोन्ही बाजूंच्या मुलांना मिळून एक प्रोजेक्ट दिला. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, तर म्हटलं नुसतं इंटरनेटवरून उतरवून आणण्यापेक्षा खरं काहीतरी करा. विषय होता भाजीचा भाव. नवी मुंबईच्या मुलांनी वाशीच्या एपीएमसीत भाजीपाला मार्केटला पहाटे जाऊन घाऊक भाव लिहायचे, ठाण्याच्या मुलांनी त्याच दिवशी सकाळी जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये किरकोळ भाव लिहायचे, मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघायचं की मधल्या २० किलोमीटरमध्ये भाजीचं काय होतं. एका कॉलेजला हे एकट्याने जमलंच नसतं, खाडीच्या दोन्ही काठांना मुलं हवीच होती.

याद्या तर आल्या पण त्या जुळवायला बसायचं कुठे? मी आधी एका कॉलेजमध्ये विचारलं, ते म्हणाले बाहेरच्या विद्यार्थ्यांना परवानगी नाही. दुसऱ्या ठिकाणी तोंडी हो म्हणाले आणि प्रत्यक्ष त्या दिवशी गेटवर मुलांना अडवलं. गेटवरच्या काकांशी मुलं हुज्जत घालायला लागली तर मीच त्यांना थांबवलं, कारण काकांना जे सांगितलंय तेच ते करणार, कमीजास्त झालं तर त्यांची नोकरी जाईल. "मॅडम, तुमचं कार्ड आहे, तुम्ही जा, पोरं नाही," असं ते अगदी नरमाईने म्हणाले. पोरं त्याच विद्यापीठाची आहेत हो, असं मी म्हणाले आणि म्हणताना माझ्याच लक्षात आलं की या वाक्याला गेटवर काही अर्थच नाही.

मग आम्ही तलावपाळीला गेलो. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर चौदा मुलं, वह्या मांडीवर, भेळवाल्यांची गर्दी व्हायच्या आधीची वेळ. आणि तिथे मेथीवरून भांडण लागलं. नवी मुंबईची मुलं म्हणाली जुडीचा घाऊक भाव आमच्याकडे हा, तुमच्याकडे एवढा वाढलाच कसा, तुम्ही चुकीचं लिहिलंय. ठाण्याची मुलं म्हणाली आम्ही तीन वेगवेगळ्या मावशींना विचारून लिहिलंय. पंधरा-वीस मिनिटं नुसता आरडाओरडा. मग दिव्याहून येणारी एक मुलगी, तिची आई स्वतः भाजी विकते, ती हळूच म्हणाली की अरे, मार्केटातली जुडी मोठी असते, आई ती सोडून दोन बांधते. सगळे गप्प. म्हणजे दोन्ही याद्या बरोबर होत्या, जुडी वेगळी होती! त्या मुलीला त्यानंतर सगळ्यांनी घेरलं, मग काय काय सोडून बांधतात, पालकाचं काय, कोथिंबीर किती सुकते, फेकायला किती जाते. एरवी वर्गात ती शेवटच्या बाकावर बसते आणि आई भाजी विकते हे तिने दोन वर्षांत वर्गात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मी कितीतरी सेमिनारना हजेरी लावलीय, सर्टिफिकेटं फाइलला आहेत, पण विद्यापीठ म्हणजे काय असावं हे मला त्या कट्ट्यावर कळलं. चौदा माणसं एकाच गोष्टीवर अडली होती आणि उत्तर एकाकडे होतं, आणि ती तिथे होती. ती गेटबाहेर राहिली असती तर आमचा प्रोजेक्ट चुकीच्या आकड्यांनी पास झाला असता.

काही जण म्हणतात, युवा महोत्सव आहे की, एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आहे की. आहेच. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं, शहापूर-मुरबाडकडच्या गावात जाऊन आलेली मुलं वेगळीच होऊन येतात हे मी स्वतः बघते. पण शिबिर प्रत्येक कॉलेजचं वेगळं, शेजारच्या गावात शेजारच्या कॉलेजचं शिबिर चालू असलं तरी संध्याकाळी एकत्र जेवत नाहीत. आणि महोत्सवात उतरतात ती मूठभर मुलं. त्यातही एकांकिकावाल्यांचं उदाहरण मात्र घेण्यासारखं आहे. स्पर्धेच्या दिवशी "आवाज कुणाचा" म्हणून घसा फुटेस्तोवर एकमेकांच्या विरोधात ओरडतात, आणि तीच मुलं विंगेत दुसऱ्या कॉलेजचा लेव्हल, म्हणजे नेपथ्यातला लाकडी चौथरा, उचलायला हात लावतात, मेकअपचं सामान देतात, वर्षानुवर्षं एकमेकांना नावाने ओळखतात. ठाण्यात एकांकिका केलेल्या माणसाला विचारा, त्याचे निम्मे मित्र दुसऱ्या कॉलेजचे निघतील. म्हणजे चुरस असली म्हणून आपलेपणा मरतो असं नाही, पुन्हा पुन्हा भेट व्हायला हवी आणि हाताला काम हवं. हे सगळं नाटकातल्या मुलांना मिळतं, मग सकाळी कॉलेज करून दुपारी मॉलमध्ये किंवा कुरिअरच्या ऑफिसात कामाला जाणाऱ्या मुलाला का मिळू नये? त्याला तालमींना वेळ नाही, पण सुट्टीच्या दिवशी घराजवळच्या कॉलेजच्या वाचनालयात दोन तास बसायला त्याला नक्की आवडेल. राहतो कळव्यात, कॉलेज घणसोलीला, तर रविवारी तिकडे कोण जाणार.

अशी मुलं मग अभ्यासिकेत जातात. ठाण्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्यात, जिथे परवडेल तिथे. कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघा, एमपीएससीवाला, सीएवाली, बीकॉमवाला शेजारी शेजारी, रात्री चहाला एकत्र खाली उतरतात, नोट्सची देवाणघेवाण चालते. कॉलेज कुठलं हे तिथे कुणी विचारत नाही कारण आत यायचा हक्क सगळ्यांचा सारखा आहे. ठाण्याला ही गोष्ट नवी नाही, आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, वर्गणी भरली की वकील असो की कारकून, पुस्तक सारखंच मिळायचं. जे ठाणेकरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आपापसात करून दाखवलं ते विद्यापीठाला का जमू नये हे मला खरंच कळत नाही.

आता अडचणी. सुरक्षितता ही पहिली आणि मी ती हलक्यात घेत नाही, मीही बाई आहे आणि बाहेरची टोळकी कॉलेजच्या आवारात येऊन काय करतात ते मला माहितीये. पण टोळक्यातला पोरगा आणि दुसऱ्या कॉलेजची टीवायची मुलगी यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे. कार्डावर क्यूआर कोड असतोच आजकाल, तो गेटवर स्कॅन झाला, नाव-वेळ नोंदली गेली तर उलट आज आहे त्यापेक्षा जास्त माहिती राहील की कोण आत आलं.

दुसरी अडचण जागेची, आणि ही खरी आहे. आपल्याकडची कॉलेजं सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत भरलेली, ज्युनियर, सीनियर, सेल्फ फायनान्स (अनुदानाशिवाय, फीवर चालणारे कोर्स) अशा शिफ्ट, परीक्षेच्या महिन्यात स्वतःच्याच मुलांना वाचनालयात खुर्ची मिळत नाही. तिथे बाहेरच्यांना आणा म्हणणं म्हणजे भांडणं लावणं आहे. म्हणून मी म्हणते रविवारपासून सुरू करा, सुट्ट्यांपासून करा, परीक्षेचा महिना सोडा. आणि विद्यापीठाची स्वतःची जागा आहे ना, बाळकुमला ठाणे उपपरिसर आहे. तो फक्त तिथल्या कोर्सच्या मुलांचा का असावा, जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजच्या मुलांचा तो चौक व्हायला हवा, जिथे दोन कॉलेजची मुलं मिळून प्रोजेक्टला बसू शकतात अशा चार खोल्या आणि एक वाचन कक्ष एवढं तरी.

तिसरा आक्षेप पैशांचा. सेल्फ फायनान्सचे पालक म्हणतील आम्ही इतकी फी भरतो, आणि अनुदानित कॉलेजच्या मुलाने येऊन आमच्या एसी वाचनालयात बसायचं? हे वाक्य मी पालकसभेत ऐकलंय, असंच्या असं. मला त्या पालकांना एवढंच विचारायचंय की तुमच्या मुलाच्या पदवीवर कुणाचं नाव येणार आहे. तेच नाव त्याही मुलाच्या पदवीवर आहे. त्या नावाची किंमत बाजारात वाढायला हवी असेल तर ती दोघांच्या मिळूनच वाढेल.

आणि एक मोठा वर्ग म्हणतो की विद्यापीठच फार मोठं झालंय, तोडा, कोकणाचं वेगळं करा, ठाण्याचं वेगळं करा. कारभारासाठी त्यात तथ्य असेलही, दोडामार्गच्या मुलाला एका कागदासाठी ५०० किलोमीटरवर कालिन्याला यायला लागू नये हे कुणीही मान्य करेल. पण छोटं केलं की आपलेपणा येईल हे मला पटत नाही. एकाच कॉलेजमध्ये बीएएफची (अकाउंटिंग अँड फायनान्सच्या बीकॉमची) मुलं साध्या बीकॉमच्या मुलांशी बोलत नाहीत हे मी रोज बघते, एक जिना आहे मध्ये फक्त. सात जिल्ह्यांचा एक केला तरी गेटं बंदच राहिली तर काय उपयोग?

हे परकेपण पदवी घेऊन संपत नाही हेही लक्षात घ्या. सिनेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेवर, नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात, सप्टेंबर २०२४ ला निवडणूक झाली तेव्हा यादीत मतदार होते १३ हजारांच्या आसपास. यादी नव्याने करावी लागली, तारखा पुढे गेल्या, कोर्टकचेरी झाली, ही कारणं आहेतच. तरी दरवर्षी लाखाच्या वर मुलं जिथून पदवी घेतात तिथले एवढेच? मी माझ्या बॅचच्या ग्रुपवर विचारलं होतं की कुणी नोंदणी केलीय का, साठ जणांत एकाने केली होती आणि तोही पक्षाच्या कामात आहे म्हणून. तीन वर्षं ज्याला फक्त एकाच गेटच्या आत घेतलं त्याने नंतर सात जिल्ह्यांच्या विद्यापीठासाठी फॉर्म भरायला का यावं?

नवीन धोरणात क्रेडिट एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येतात, त्यासाठी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, कम्युनिटी एंगेजमेंटला वेगळे क्रेडिट आहेत. म्हणजे कागदावर मुलाचे मार्क एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतात, मूल मात्र जाऊ शकत नाही. विद्यापीठाने एक परिपत्रक काढलं की एकमेकांच्या विद्यार्थ्यांना रविवारी वाचनालय खुलं ठेवणाऱ्या आणि दोन कॉलेजचे मिळून प्रोजेक्ट करणाऱ्या कॉलेजांची दखल घेतली जाईल, तर प्राचार्य स्वतःहून पुढे येतील, कारण आज त्यांना भीती एकच आहे की काही झालं तर जबाबदार कोण. ती भीती वरून काढायला हवी, गेटवरच्या काकांवर ढकलून चालणार नाही.

या वर्षी मी परत तोच प्रोजेक्ट देतेय, भाजीऐवजी मासळी, म्हणजे दिवाळे कोळीवाडा आणि ठाण्याचं मासळी मार्केट. गाडीतल्या त्या दोघींपैकी एक आता एम.ए. करतेय, ती मदतीला येते म्हणाली. खाडीपलीकडच्या प्राचार्यांना मी पुन्हा अर्ज दिला होता, या वेळी त्यांनी बोलावून घेतलं, तासभर शंका विचारल्या आणि शेवटी हो म्हणाले, दोन रविवार, दहा ते बारा, फक्त वाचनालयाचा हॉल, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, कॉलेज आणि फोन नंबर आठवडाभर आधी गेटवर द्यायचा. सोळा नावं आहेत. यादी काल संध्याकाळी मी स्वतः काकांच्या हातात दिली, त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि रजिस्टरच्या पहिल्या पानाला टाचणीने लावून ठेवली.